आजच्या दिवशी संगीतात काय घडलं, आणि ती तारीख नेमकी कशाची?

जुनी तबकडी

मायकल जॅक्सननं मूनवॉक पहिल्यांदा कधी केला, असं विचारलं तर दोन तारखा पुढे येतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. पॅसाडीनाच्या सभागृहात बसलेल्या प्रेक्षकांनी तो २५ मार्च १९८३ ला पाहिला. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीचा सोहळा होता. 'बिली जीन' रंगात आलं होतं आणि मधल्या वाद्यांच्या जागेत तो दोन-तीन सेकंद अलगद मागे सरकत गेला. घरी बसलेल्या अमेरिकेनं मात्र ते पाहिलं १६ मे ला, कार्यक्रम टीव्हीवर लागला तेव्हा. 'आजच्या दिवशी'च्या याद्यांत कधी पहिली तारीख असते, कधी दुसरी. ती कशाची, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं.

मला या याद्या मनापासून आवडतात, म्हणूनच हे खटकतं. लोकांना कळलं तो दिवस आपण साजरा करतो, आणि गोष्ट प्रत्यक्ष घडली तो दिवस मागे पडतो. खरं संगीत बहुतेकदा त्या मागे पडलेल्या दिवशीच बनलेलं असतं. तर तुमच्या आवडत्या तारखा इथे लिहा. फक्त ती तारीख रेकॉर्डिंगची, तबकडी बाजारात आल्याची, प्रक्षेपणाची की बातमी पसरल्याची, तेवढं सोबत सांगा.

सुरुवात मी करतो. माझ्या दोन्ही तारखा रेकॉर्डिंगच्या आहेत.

५ जुलै १९५४, मेम्फिस, सन स्टुडिओ. एल्विस प्रेस्ली १९ वर्षांचा, दिवसा ट्रक चालवायचा. गिटारवर स्कॉटी मूर, बासवर बिल ब्लॅक, ड्रमवाला नाहीच. संध्याकाळपासून संथ भावगीतं गाऊन झाली आणि एकही जमलं नाही. मग जरा दम खायला थांबले असताना एल्विसनं आर्थर क्रुडपचं जुनं ब्लूज गाणं 'दॅट्स ऑल राइट' मस्तीत, उड्या मारत गायला सुरुवात केली. बिल ब्लॅकनं बासवर थापा मारत साथ धरली, स्कॉटी मूर मागोमाग आला. आतून स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्सनं डोकं बाहेर काढून विचारलं, हे काय चाललंय? त्यांनाही सांगता येईना. तो म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून घ्या. दोन-तीन दिवसांनी मेम्फिसच्या रेडिओवर ड्युई फिलिप्सनं ते गाणं लावलं, फोन थांबेनात म्हणून पुन्हा पुन्हा लावलं. तबकडी आली १९ जुलैला. पण घडलं ते त्या सुट्टीच्या पाच-दहा मिनिटांत.

दुसरी, ११ फेब्रुवारी १९६३. लंडनमधला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ क्रमांक २. बीटल्सचा पहिला अल्बम १४ गाण्यांचा. त्यातली चार आधीच सिंगल म्हणून निघाली होती, उरलेली १० या एका दिवसात झाली. सकाळी दहाला बसले ते रात्री पावणेअकरापर्यंत. जेवणाच्या सुट्टीतही दूध पीत तालीम चालू. लेननला सर्दी, घसा धरलेला, दिवसभर गोळ्या चघळणं चालू होतं. निर्माता जॉर्ज मार्टिननं 'ट्विस्ट अँड शाउट' मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते गायल्यावर आवाज उरणार नाही हे त्याला ठाऊक होतं. पहिलाच टेक घेतला गेला. दुसरा घ्यायचा प्रयत्न झाला तोवर लेननचा आवाज संपला होता. आज ते गाणं लावलं की ऐकू येतो तो फाटका आवाज त्या रात्रीचाच आहे. अल्बम निघाला २२ मार्चला, पण माझ्या लेखी तारीख ११ फेब्रुवारीच.

रात्रपाळी

सुंदर धागा. माझी तारीख सगळ्यांना माहीत असलेली आहे, तरी लिहिते. ३ फेब्रुवारी १९५९. बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि 'बिग बॉपर' जे. पी. रिचर्डसन विमान अपघातात गेले. सोबत तरुण वैमानिक रॉजर पीटरसनही गेला, त्याचं नाव याद्यांमधून हमखास गळतं.

या तारखेला 'संगीत मेलं तो दिवस' म्हणतात, पण ते नाव १९५९ चं नाही. डॉन मॅक्लीनचं 'अमेरिकन पाय' १९७१ मध्ये आलं, तिथून ते लोकांच्या तोंडी बसलं. मधली बारा वर्षं ही निव्वळ एका अपघाताची तारीख होती.

आणि त्या अपघातामागची हकिकत फार साधी आहे. ऐन हिवाळ्यातला दौरा, गावं नकाशावर कशीही विखुरलेली, त्यामुळे रोज शेकडो मैल बसप्रवास. बसचा हीटर बंद पडलेला. ड्रम वाजवणाऱ्या कार्ल बंचचे पाय हिमदंशानं इतके बिघडले की त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. बडी हॉलीनं छोटं विमान ठरवलं ते पुढच्या गावी वेळेवर पोचून जरा झोपता यावं, कपडे धुता यावेत म्हणून. रिचर्डसनला ताप होता म्हणून हॉलीबरोबर वाजवणाऱ्या वेलन जेनिंग्सनं त्याला आपली जागा दिली. व्हॅलेन्सनं हॉलीच्याच साथीतल्या टॉमी ऑलसपशी नाणेफेक करून जागा जिंकली. व्हॅलेन्सचं वय १७. हॉलीचं २२. इतक्या लहान वयात त्या माणसानं स्वतः गाणी लिहून, स्वतःच्या बँडबरोबर वाजवून, स्टुडिओत आवाजावर आवाज चढवून जे करून ठेवलं त्यावर पुढची कितीतरी माणसं उभी राहिली.

मंद्र

बातमीची तारीख आणि घटनेची तारीख यात फरक असतो याचं सर्वांत बोचणारं उदाहरण म्हणजे जॉन लेननचा खून. सगळीकडे ८ डिसेंबर १९८० लिहितात आणि न्यूयॉर्कच्या घड्याळानं ते बरोबरच आहे. गोळ्या झाडल्या गेल्या रात्री पावणेअकराच्या पुढे. त्या क्षणी लंडनमध्ये ९ तारखेची पहाट उजाडायची होती आणि आपल्याकडे ९ तारखेची सकाळ, नऊ वाजून गेलेले. म्हणजे अर्ध्याहून अधिक जगासाठी लेनन ९ डिसेंबरला गेला.

अमेरिकेत ती बातमी कशी कळली तेही विलक्षण आहे. एबीसी वाहिनीचा एक वार्ता-निर्माता त्याच संध्याकाळी मोटारसायकलच्या अपघातात सापडून त्याच इस्पितळात पडलेला होता. त्याच्या शेजारून लेननला आत नेलं. त्यानं कार्यालयात कळवलं. त्या वेळी वाहिनीवर अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता आणि समालोचक हॉवर्ड कोसेलनं सामना ऐन रंगात असताना ती बातमी सांगितली. लाखो लोकांना लेनन गेल्याचं एका क्रीडा समालोचकाकडून कळलं.

जुनी तबकडी

मंद्र, घड्याळाचा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. फार मोलाचा आहे. मध्यरात्रीच्या आसपासच्या प्रत्येक घटनेला तो लागू होतो.

ढोलकी

मला एकाच तारखेवर साचलेल्या गोष्टींचं आकर्षण आहे. माझी लाडकी तारीख ४ डिसेंबर.

१९५६, पुन्हा सन स्टुडिओ. कार्ल पर्किन्सचं रेकॉर्डिंग चालू होतं, पियानोवर जेरी ली लुईस, त्याला अजून फारसं कुणी ओळखत नव्हतं. एल्विस तोवर मोठ्या कंपनीकडे गेलेला आणि देशभर गाजलेला, सहज डोकवायला आला. जॉनी कॅशही होता. चौघं पियानोभोवती जमून लहानपणापासून पाठ असलेली भक्तिगीतं, अर्धीमुर्धी गाणी गात बसले. शहाणपणानं कुणीतरी टेप चालू ठेवली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला आणि 'मिलियन डॉलर क्वार्टेट' हे नाव पडलं. पण ते गाणं लोकांना तबकडीवर ऐकायला मिळालं ते थेट १९८० च्या दशकात, एल्विस गेल्यानंतर. रेकॉर्डिंग आणि प्रकाशन यात पाव शतक!

१९७१, स्वित्झर्लंडमधलं माँट्रो. फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या एकानं छताकडे फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याचा पेटता बाण, सोडली. छत पेटलं आणि सगळा कसिनो जळून गेला. कुणाचा जीव गेला नाही. त्यात महोत्सवाचा आयोजक क्लॉड नोब्स यानं पोरांना बाहेर काढण्यासाठी केलेल्या धावपळीचा मोठा वाटा. डीप पर्पल हा बँड दुसऱ्या दिवसापासून त्याच इमारतीत अल्बम रेकॉर्ड करणार होता. ते हॉटेलातून तळ्यावर पसरणारा धूर बघत बसले. मग दुसरी जागा शोधली, तिथे रात्री आवाज फार होतो म्हणून पोलीस आले. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात गाद्या उभ्या करून आवाज अडवला आणि तिथे अल्बम पुरा केला. 'स्मोक ऑन द वॉटर'चे शब्द म्हणजे या सगळ्याची जवळजवळ शब्दशः नोंद आहे: आग, क्लॉड, हॉटेल, बाहेर उभी असलेली रोलिंग स्टोन्सची रेकॉर्डिंग गाडी, सगळं त्यात आहे. रॉजर ग्लोव्हर झोपेतून जागा झाला तेव्हा ते शीर्षक त्याच्या ओठांवर होतं.

आणि १९९३. याच ४ डिसेंबरला फ्रँक झापा गेला. २२ वर्षांपूर्वी ज्याच्या मैफिलीत आग लागली तोच. त्या आगीनंतर सहाच दिवसांनी लंडनमध्ये एका माथेफिरूनं त्याला रंगमंचावरून खाली ढकललं होतं आणि पुढे बराच काळ तो चाकांच्या खुर्चीत होता.

कॅसेटवाली

१६ ऑगस्ट पण बघा. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन १९३८, एल्विस १९७७, अरीथा फ्रँकलिन २०१८, तिघंही याच तारखेला गेले. १९५८ मध्ये याच दिवशी मॅडोना जन्मली. १९६२ मध्ये याच दिवशी व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइननं ड्रमवाल्या पीट बेस्टला बोलावून तू आता बीटल्समध्ये नाहीस असं सांगितलं.

पश्चिमवारा

योगायोगांच्या याद्या वाचायला छान वाटतात, पण त्यातून संगीताबद्दल काय कळतं? तारखा ३६५, कलावंत हजारो. कुठल्याही तारखेवर चार नावं सापडणारच. अरीथाच्या आवाजाचा आणि मॅडोनाच्या वाढदिवसाचा काही संबंध नाही. मला जुनी तबकडींचा मूळ प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्याला धरून एक तारीख सांगतो. १७ मे १९६६, मँचेस्टरचा फ्री ट्रेड हॉल. बॉब डिलन पहिला अर्धा कार्यक्रम एकटा, गिटार आणि हार्मोनिका घेऊन गायला. दुसऱ्या अर्ध्यात इलेक्ट्रिक बँड आला. लोकगीतांच्या चाहत्यांना हा विश्वासघात वाटत होता. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत प्रेक्षकांतून आरोळी आली, "ज्यूडास!", म्हणजे येशूचा घात करणारा शिष्य. डिलन म्हणाला, माझा विश्वास बसत नाही, तू खोटारडा आहेस. मग बँडकडे वळून दणक्यात वाजवा म्हणाला आणि 'लाइक अ रोलिंग स्टोन' सुरू झालं.

हे रेकॉर्डिंग वर्षानुवर्षं चोरट्या तबकड्यांवर फिरलं, आणि त्यावर लिहिलेलं असायचं रॉयल अल्बर्ट हॉल, लंडन. लंडनच्या मैफिली झाल्या २६ आणि २७ मे ला. म्हणजे आरोळी एका शहरात आणि तिचा लौकिक दुसऱ्या शहराच्या नावावर. १९९८ मध्ये ते अधिकृतपणे निघालं तेव्हा मुखपृष्ठावर 'रॉयल अल्बर्ट हॉल' हे शब्द अवतरणचिन्हांत छापावे लागले, कारण लोक त्याला त्याच नावानं ओळखत होते. इतकी चर्चा झालेल्या क्षणाचीसुद्धा जागा आणि तारीख तीस वर्षं अनेकांच्या मनात गोंधळलेली राहिली.

ढोलकी

पश्चिमवारा, योगायोगातून संगीत कळत नाही हे मान्य. पण त्या निमित्तानं माणूस तीन वेगळ्या तबकड्या एका दिवशी काढून ऐकतो. मी ४ डिसेंबरला झापा, डीप पर्पल आणि एल्विस सलग ऐकतो. एरवी हे तीन शेजारी आलेच नसते. मला तेवढा उपयोग पुरतो.

कॅसेटवाली

रॉबर्ट जॉन्सनबद्दल थोडं अजून लिहायला हवं, कारण तारखा कशा टिकतात ते त्याच्यावरून दिसतं. त्याच्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी ऐकीव आहेत. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची दंतकथा तर जगभर पसरली. पण रेकॉर्डिंगच्या तारखा पक्क्या आहेत, कारण कंपनीनं त्या कागदावर टिपल्या: २३ नोव्हेंबर १९३६ ला सॅन अँटोनियोच्या गंटर हॉटेलच्या खोलीत पहिलं रेकॉर्डिंग, मग पुढच्या जूनमध्ये डॅलसला. एकूण २९ गाणी, बस. त्याच्या मृत्यूचा दाखला एका संशोधकाला १९६८ मध्ये सापडला, म्हणजे तीस वर्षांनी. तोवर त्याची गाणी इंग्लंडमधल्या पोरांच्या हातात पोचली होती आणि त्यावर बँड उभे राहिले होते. माणूस कधी, कसा गेला हे माहीत नसताना.

निळी संध्याकाळ

मग हिप-हॉपच्या तारखेचं काय म्हणाल? ११ ऑगस्ट १९७३. ही ना रेकॉर्डिंगची, ना प्रकाशनाची, ना प्रक्षेपणाची. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली १५२०, सेजविक अॅव्हेन्यू ही इमारत, तिथला तळमजल्यावरचा करमणुकीचा हॉल. सिंडी कॅम्पबेलला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिनं पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. निमंत्रणं कार्डांवर हातानं लिहिलेली. गाणी लावायला १८ वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क.

हर्कचं निरीक्षण असं होतं की नाचणारी मंडळी अख्ख्या गाण्यात एका तुकड्याची वाट बघतात: जिथे गाणं थांबतं, सूर बाजूला होतात आणि फक्त ड्रम आणि बास उरतो. तो तुकडा काही सेकंदांचाच. हर्कनं एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवायला सुरुवात केली. एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवर तोच तुकडा पहिल्यापासून, तोवर पहिली तबकडी हातानं मागे फिरवून ठेवायची. असं करत दहा सेकंदांचा तुकडा हवा तितका लांबवता येतो. वर माइकवरून कोक ला रॉक मित्रांची नावं घेत, ओळी फेकत होता. पुढचं सगळं या दोन गोष्टींवर उभं आहे.

यातली पहिली गाजलेली तबकडी 'रॅपर्स डिलाइट' आली १९७९ च्या सप्टेंबरमध्ये. म्हणजे सहा वर्षं एक अख्खा संगीतप्रकार तबकडीवर नव्हताच. तो फक्त हॉलमध्ये, बागांमध्ये आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेटवर होता.

पश्चिमवारा

एखादा संगीतप्रकार एका संध्याकाळी जन्मतो यावर माझा विश्वास नाही. हर्कनं ते तंत्र पुढच्या पार्ट्यांमधून घडवत नेलं, ग्रँडमास्टर फ्लॅशनं त्यात नेमकेपणा आणला, डीजे बम्बाटानं वेगळ्याच तबकड्या आणल्या. ११ ऑगस्ट ही सोयीची तारीख आहे.

निळी संध्याकाळ

सोयीची आहे, पण पोकळ नाही. ती टिकली कारण सिंडीनं हातानं लिहिलेलं निमंत्रण टिकलं. त्यावर तारीख आहे, वेळ आहे, पत्ता आहे. मोठ्या कंपन्यांच्या नोंदवह्यांत ज्यांना जागा नव्हती अशा लोकांच्या संगीताला एका शाळकरी मुलीच्या कार्डानं तारीख दिली, हे मला कुठल्याही अल्बमच्या प्रकाशनदिनापेक्षा मोठं वाटतं.

जुनी तबकडी

निळी संध्याकाळ, पटलं. आणि रॉबर्ट जॉन्सनच्या बाबतीतही हेच झालं. आपण ज्याला इतिहासाची तारीख म्हणतो ती बहुधा कुणीतरी टिपून ठेवलेली तारीख असते.

मंद्र

मग टिपून ठेवण्याच्या यंत्रणेच्या तारखाही यायला हव्यात. त्यांना कुणी हार घालत नाही, पण गाण्याची लांबी, अल्बमचा आकार, 'नंबर वन' ही कल्पना, सगळं तिथून आलं.

२१ जून १९४८ ला कोलंबिया कंपनीनं न्यूयॉर्कमध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी, दाखवली. मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. त्याआधी ७८ च्या तबकडीवर एका बाजूला तीन-चार मिनिटं. पुढच्या मार्चअखेरीस आरसीए कंपनीनं ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली. मोठी तबकडी अल्बमची, छोटी सिंगलची, ही विभागणी पुढे चाळीसेक वर्षं टिकली.

१४ नोव्हेंबर १९५२ ला ब्रिटनमध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' साप्ताहिकात खपावर आधारलेली पहिली यादी छापली गेली. पर्सी डिकिन्सनं वीसेक दुकानांना फोन करून सर्वांत जास्त काय खपतंय ते विचारलं आणि बेरीज केली. यादी पहिल्या बारांची, पण बरोबरीमुळे त्यात पंधरा तबकड्या! पहिल्या क्रमांकावर अल मार्टिनो. अमेरिकेत बिलबोर्ड साप्ताहिकाची 'हॉट १००' यादी आली ४ ऑगस्ट १९५८ ला, पहिलं गाणं रिकी नेल्सनचं.

यातही तारखेची गोम आहे. बिलबोर्डवर छापलेली तारीख अंकाची असते, आणि अंक त्याआधीच हातात पडलेला असतो. बीटल्सची पाच गाणी पहिल्या पाच जागांवर होती तो ४ एप्रिल १९६४ हा प्रसिद्ध दिवस, किंवा निर्वाणा बँडच्या 'नेव्हरमाइंड'नं जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली खेचलं तो ११ जानेवारी १९९२, हे दोन्ही अंकाचे दिवस आहेत. खप झाला तो आधीच्या आठवड्यांत.

कॅसेटवाली

आणि शुक्रवार! १० जुलै २०१५ पासून नवं संगीत जगभर शुक्रवारी प्रकाशित होतं. त्याआधी अमेरिकेत मंगळवारी, ब्रिटनमध्ये सोमवारी, जर्मनीत शुक्रवारी. त्यामुळे जुन्या अल्बमच्या दोन-दोन प्रकाशनतारखा दिसतात. २४ सप्टेंबर १९९१ हा असाच मंगळवार. 'नेव्हरमाइंड', रेड हॉट चिली पेपर्सचं 'ब्लड शुगर सेक्स मॅजिक' आणि ए ट्राइब कॉल्ड क्वेस्टचं 'द लो एंड थिअरी', तिन्ही एकाच दिवशी. हा मला खऱ्या अर्थानं प्रकाशनाचा मोठा दिवस वाटतो.

रात्रपाळी

प्रकाशनाच्या तारखेवर शंका घ्यायची तर बीटल्सचं 'सार्जंट पेपर' घ्या. अधिकृत तारीख १ जून १९६७, वर्धापनदिन त्याच दिवशी. ब्रिटनमध्ये मात्र अल्बम २६ मे लाच दुकानांत पोचला होता.

ढोलकी

१ ऑगस्ट कुणीच घेतला नाही? १९८१ ला मध्यरात्रीनंतर एका मिनिटानं एमटीव्ही सुरू झालं ते सगळ्यांना पाठ आहे, पहिलं गाणं बगल्सचं 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'. पण त्याच्या बरोबर दहा वर्षं आधी, १ ऑगस्ट १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशासाठीची मैफल. पंडित रविशंकरांनी जॉर्ज हॅरिसनला निर्वासितांचे हाल सांगितले आणि हॅरिसननं काही आठवड्यांत सगळं जुळवलं. दुपारी एक खेळ, रात्री एक. डिलन, क्लॅप्टन, रिंगो, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल.

सुरुवात भारतीय संगीतानं. सतारीवर रविशंकर, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर उस्ताद अल्लारखा, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. मंडळी वाद्यं जुळवून थांबली तर प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर हसून म्हणाले, वाद्यं जुळवणं इतकं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. हे अल्बमवर जसंच्या तसं ऐकू येतं. मला त्यात टर उडवल्यासारखं कधीच वाटलं नाही. अनोळखी संगीताला लोक मन लावून, आदरानं सामोरे जात होते.

तिकिटांचे जवळपास अडीच लाख डॉलर युनिसेफकडे गेले. अल्बमचा पैसा मात्र कराच्या भानगडीत वर्षानुवर्षं अडकला. पुढे १३ जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड' या मदतीसाठीच्या मैफलीचा मार्ग इथूनच निघाला. तिथे क्वीन बँडनं वीसेक मिनिटांत लंडनचं वेम्ब्ली मैदान जिंकलं त्याबद्दल खूप लिहून झालंय, म्हणून मी १९७१ वरच थांबतो.

निळी संध्याकाळ

यात १४ मार्च १९३१ घालते. 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि हिंदी चित्रपटगीत सुरू झालं. वझीर मोहम्मद खानचं 'दे दे खुदा के नाम पे' हे पहिलं. पार्श्वगायन नव्हतंच, नट कॅमेऱ्यासमोर गायचा आणि वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड लपून साथ करायचे. जवळून आगगाड्या जायच्या म्हणून चित्रीकरण रात्री. आज चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाही. तारीख आहे, चित्रपटगृहाचं नाव आहे, गाण्याचे शब्द आहेत, आणि तो आवाज ऐकायची सोय नाही.

मंद्र

जुनी तबकडी, तुमच्या मोजपट्टीत १२ जुलै १९७९ कुठे बसते? शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्या स्फोटानं उडवल्या गेल्या. तबकडी आणा, ९८ सेंटमध्ये आत या. दोन सामन्यांच्या मध्ये पेटी उडवली, हजारो लोक मैदानात घुसले, दुसरा सामना यजमान संघाला सोडून द्यावा लागला. 'डिस्को संपला तो दिवस' म्हणून ही तारीख लिहितात.

जुनी तबकडी

ही तारीख एका हुल्लडीची आहे, तिला संगीताच्या शेवटाची तारीख म्हणायला माझा ठाम विरोध आहे. त्या दिवशी दारावर काम करणारा एक तरुण, व्हिन्स लॉरेन्स, यानं पुढे सांगितलं की लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेल्या काळ्या कलावंतांच्याही पुष्कळ होत्या. याच शहरात फ्रँकी नकल्स 'वेअरहाउस' क्लबमध्ये तेव्हा रोज नवं काही घडवत होता, त्यातून हाउस संगीत आलं आणि लॉरेन्स स्वतः त्याच्या पहिल्या फळीत होता. डिस्को संपला नाही, तो त्याच शहरात दुसऱ्या दारानं पुढे गेला. त्या दाराची तारीख कुणी टिपली नाही, म्हणून यादीत हुल्लड राहिली.

रात्रपाळी

अजून एक विचारते. ३० जानेवारी १९६९ चं बीटल्सचं गच्चीवरचं वादन कशात धरायचं? मैफल की रेकॉर्डिंग?

जुनी तबकडी

दोन्ही, आणि म्हणूनच ती तारीख मला इतकी प्रिय आहे. सॅव्हिल रो ३, बीटल्सच्या कंपनीची इमारत. वर गच्चीवर चौघं आणि कीबोर्डवर बिली प्रेस्टन. तळघरात आठ ट्रॅकच्या यंत्रावर सगळं टिपलं जात होतं. कडाक्याची थंडी. लेननच्या अंगावर योकोचा फरचा कोट, रिंगोच्या अंगावर बायकोचा लाल रेनकोट. माइकमध्ये वारा घुसत होता म्हणून बायकांचे पायमोजे आणवून ते माइकवर चढवले. ते आणायला पिटाळलेला पोरगा अॅलन पार्सन्स, ज्यानं पुढे पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'चं ध्वनिमुद्रण सांभाळलं. ४२ मिनिटं वाजवलं, खाली रस्ता तुंबला, पोलीस वर आले.

त्यातली तीन गाणी ८ मे १९७० च्या 'लेट इट बी'वर आली: 'डिग अ पोनी', 'आय हॅव गॉट अ फीलिंग' आणि 'वन आफ्टर ९०९'. त्या गच्चीचं सगळं वादन सलग, अधिकृतपणे ऐकायला मिळालं २८ जानेवारी २०२२ ला. ऐकलं नसेल तर आधी 'डोंट लेट मी डाउन' ऐका. लेनन एका कडव्याचे शब्द विसरतो, तोंडाला येईल ते गातो, आणि चौघांतला एकही जण थांबत नाही.